आजाऱ्याची पायरी

आमच्या वाडीत बायकांचं एकमेकींशी फारसं पटायचं नाही. बांधावरून, कोंबड्यांवरून, कुणाच्या चाकरमान्याने शिमग्याला कुणाच्या घरी जास्त खाऊ दिला यावरून रोज काहीतरी धुसफूस असायची. पण बावीवर, म्हणजे विहिरीवर, एक गोष्ट सगळ्या न चुकता पाळत. ज्याच्या पायाला नारू झालाय त्याला आधी वाट द्यायची. आमची बाव पायऱ्यांची होती. जांभ्याचा कातळ फोडून केलेली, वरपासून तळापर्यंत चिऱ्यांच्या पायऱ्या बसवलेली. दोर नको, पोहरा नको. बाईने उतरायचं, घोटाभर पाण्यात उभं राहायचं, हंडा बुडवायचा आणि डोक्यावर घेऊन वर यायचं. उन्हाळ्यात पाणी आटत खाली गेलं की तळाची एक रुंद पायरी पाण्याच्या बरोबरीला यायची. तिला आम्ही आजाऱ्याची पायरी म्हणायचो. नारूवाल्या माणसाने तिथे बसून पाय पाण्यात सोडला की त्याची आग थांबायची. बाजूलाच बाकीच्या बायका हंडे भरत, त्याची मायेने विचारपूस करत, आणि तेच पाणी घरी नेऊन मुलाबाळांना पाजत. त्या मायेपायीच आमची निम्मी वाडी लंगडत होती.

आताच्या मुलांना नारू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. माझ्या नातवाला सांगितलं तर तो समोरचं ताट सारून उठला. पायाला आधी फोड येतो. त्याची आग अशी, की धडधाकट बाप्ये चुलीत पाय गेल्यासारखे ओरडत. फोड फुटला की आतून पांढरा, शेवयीसारखा किडा डोकं काढतो. तो ओढायचा नाही. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा, आणि मध्येच तुटला तर पाय गेलाच म्हणायचं. वरून रुईचा चीक लावा, कांदा ठेचून बांधा, बिब्बा घाला, ज्याची जशी समजूत. आणि हे दुखणं नेमकं वैशाखात उपटायचं. पेरणी तोंडावर आलेली आणि घरोघरच्या पडवीत माणसं पाय पसरून पडलेली. शेवयी म्हटलं खरं, पण मी स्वतः आयुष्यात कधी शेवया आवडीने खाल्ल्या नाहीत.

घरात आई, काशीकाकी, मी आणि धाकटा दत्तू. बाबा मुंबईला गिरणीत. जयगडहून बोटीने जायचे, शिमग्याला यायचे आणि पालखी घरोघरी फिरून देवळात बसली की परत जायचे. काकी म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. काका मुंबईतच वारले, तेव्हापासून ती आमच्याकडे. कधीकाळी तिचा नारू आतच तुटला होता, त्याने उजवा गुडघा आखडला तो आखडलाच. शेतात उतरता येत नाही म्हणून ती दिवसभर पडवीत बसून सुंभ वळायची. भिजवून कुटलेल्या काथ्याचा कुबट वास, तळहातांवर काथ्या घासल्याची खसखस आणि मधूनमधून तिने कोंबड्यांना दिलेल्या शिव्या, हे माझ्या लहानपणचं घर. सकाळी पेज, दुपारी नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी, सुकट भाजलेली असली तर सण. पेजेच्या तळाची शितं काकी माझ्या ताटलीत ढकलायची आणि स्वतः वरचं पाणी प्यायची. आईने हे पाहिलं की दोघींची जुंपायची. त्यांचं भांडण नेहमी कुणी कमी खाल्लं यावरून व्हायचं.

आई वेगळ्या स्वभावाची. तिला ‘का’ विचारायची खोड होती आणि त्या काळी ही खोड बाईत असणं म्हणजे दुसरा आजारच. खोतांच्या घरी भात कांडायला, अंगण सारवायला वाडीतल्या प्रत्येक घरची एक बाई जायची. तेव्हा त्याला रिवाज म्हणत. मी वेठ म्हणते, कुणाला राग येवो की लोभ. खोतांच्या परड्यात रहाटाची विहीर होती, तिला उंच कठडा होता. तिथे जाऊन जाऊन आईच्या ध्यानात आलं की त्या घरात म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत कधी कुणाला नारू झालेला नाही. तिने बायकांना कारण विचारलं. त्या म्हणाल्या, मोठ्या माणसांचं पुण्य मोठं. त्यावर, पुण्य काय पायात असतं, असं आई बोलून गेली, आणि ते सांजच्याला खोतांच्या ओटीवर पोचलंसुद्धा.

हिवाळ्यात एक डॉक्टर देवी टोचायला यायचे. फणसाखाली घोंगडी अंथरून बसायचे, पोरं रांगेने रडायची. त्या साली दत्तू दंड धरून भोकाड पसरत असताना आईने त्यांना तोच प्रश्न विचारला. ते हसले नाहीत. म्हणाले, नारूवाला पाय पाण्यात गेला की किडा आपली पिल्लं पाण्यात सोडतो. ती डोळ्यांना दिसत नाहीत. ते पाणी कुणी प्यालं की वर्षभराने त्याच्या पायातून तसाच किडा बाहेर येतो. पाणी जाड फडक्यातून गाळून प्या, बावीच्या पायऱ्या बंद करा, वरून दोराने पाणी काढा. एवढं सांगून ते छत्री उघडून पुढच्या गावाला गेले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. काकी सगळ्यांत जास्त हसली, म्हणाली, डॉक्टराला एकदा नारू होऊदे, मग विचारू पाय कुठे घालतोस ते. बावीच्या तळाशी कोनाड्यात साती आसरा होत्या, शेंदूर लावलेले दगड. त्या पाण्याच्या मालकिणी. त्यांच्या दारात किडे कसे राहतील, असा सगळ्यांचा सवाल. आईने वाद घातला नाही. त्या दिवसापासून मात्र ती जुन्या लुगड्याच्या दुपदरी फडक्यातून पाणी गाळायला लागली.

आणि त्याच वैशाखात माझ्या घोट्याखाली फोड आला. गाळलेलं पाणी मी हिवाळ्यापासून पीत होते. हा किडा आदल्या उन्हाळ्यात पोटात गेलेला. माझ्या आधी काकीच रडायला लागली. तिला ती आग ठाऊक होती. चल बाय, तुला पायरीवर नेतंय, असं म्हणत तिने मला काखेत हात घालून उठवलंसुद्धा. आईने तिला थांबवलं. लोखंडी घमेल्यात पाणी घेतलं, माझा पाय त्यात ठेवला आणि बावीत पाय घालायचा नाही म्हणून बजावलं. ते पाणी कोमट झालं की ती घमेलं उचलून बावीपासून लांब, उघड्या कातळावर नेऊन ओतायची. तापलेल्या कातळावर पाणी बघता बघता सुकायचं. मग पुन्हा नवं पाणी. घमेल्यातल्या पाण्याला बावीचा थंडावा कुठला? मी दात आवळून बसायची. काकी म्हणायची, तुझ्या आईचं काळीज चिऱ्याचं आहे.

दुसऱ्या दिवशी आई खोतांकडे गेलेली असताना वाडीतल्या बायका आल्या. चांगल्या मनाने आल्या. माझं विव्हळणं त्यांच्या घरांपर्यंत ऐकू जात होतं. दोघींनी हातांची पालखी करून मला उचललं, काकी काठी टेकत मागून माझ्या पाठीला हात लावून चालत होती. मी नको म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला त्या पाण्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. बावीच्या तोंडाशी आलो आणि खाली बघितलं. आमचा दत्तू आजाऱ्याच्या पायरीवर उभा राहून ओंजळीने पाणी पीत होता. त्याच्या पलीकडे हातभर अंतरावर शेजारची सखू पाय सोडून बसली होती आणि त्याला हसत होती.

मी बायकांना मला खाली ठेवायला लावलं. म्हटलं, “मी पाय नाय घालनार.”

त्या समजूत घालायला लागल्या. मी पुन्हा म्हटलं, “माज्या पायातला किडा मी बावीत सोडनार नाय. तो दत्तूच्या पोटात जाईल.”

सखूची सासू पुढे आली. म्हातारी चिडली होती. “आमी सगल्या त्या पायरीवर बसलांव गो. म्हंजे आमी सगल्यांनी किडं सोडलं काय बावीत?”

“होय,” मी म्हटलं.

पोरीने मोठ्यांना असं बोलू नये म्हणतात. अजूनही म्हणतात, माझी सून परवाच नातीला म्हणत होती. मी नातीला बाजूला घेऊन सांगितलं की बोलायचं असेल तेव्हा बोल, फक्त खरं असलं पाहिजे.  त्या दिवशी बावीवर माझ्या पाठीवर काकीचा हात होता, तो तिने काढून घेतला. आदल्या उन्हाळ्यात काकीला पुन्हा नारू झाला होता आणि सगळा उन्हाळा ती त्याच पायरीवर बसली होती. मीच तिला सकाळ-संध्याकाळ धरून नेत होते आणि येताना तिथूनच कळशी भरून आणत होते. डॉक्टरांनी सांगितलेलं ते वर्षभराचं गणित तिला आता, माझ्या त्या एका शब्दाने, लागलं होतं.

घरी सुंभाचा आवाज बंद झाला. काकी भिंतीला टेकून बसून राहिली. आई आली, तिला शेजारणीकडून सगळं आधीच कळलं होतं. तिने चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या. काकीने ताट हातात घेतलं नाही. दिवेलागणीला तिने विचारलं, “रखमे, ह्या पोरीला मी दिला काय गो?”

आईला खोटं बोलता यायचं नाही. दुसरी कुणी असती तर नाही म्हणाली असती. आई म्हणाली, “तुला कोनी दिला ता सांग आदी. सगल्यांनी सगल्यांना दिलाय, बाय. आता थांबवायचा का नाय, तेवडा बोल.”

 काकीने भाकरी ओढून घेतली आणि जेवली.

सकाळी मी उठले तेव्हा काकी घरात नव्हती आणि कोपऱ्यातली पहारही नव्हती. आई मला पाठुंगळीला घेऊन बावीवर धावली. काकी आखडलेला गुडघा पुढे करून पायऱ्यांवरून बसत बसत तळापर्यंत पोचली होती. आसरांचे दगड तिने एकेक करून पदरात घेतले होते. आई खाली गेल्यावर काकीने ते आईच्या ओटीत घातले आणि वर करंजाच्या बुंध्याशी, सावलीत मांडायला सांगितलं. मग काकीने पहार उचलली आणि आजाऱ्याच्या पायरीच्या सांध्यात घातली. पहिला चिरा हलायला बराच वेळ लागला. हंडे घेऊन आलेल्या बायका वरच्या पायऱ्यांवर थबकल्या. सगळ्यांत आधी कोण उतरली असेल, तर सखूची सासू. तिने कासोटा घट्ट खोचला आणि काकीला म्हणाली, सरक, तुला जोर नाय. बाकीच्या मग आपोआप उतरल्या. मी शेजारणीने आणून दिलेल्या घमेल्यात पाय घालून करंजाखाली आसरांच्या शेजारी बसले होते. आयुष्यात पुढे मास्तरीण झाले, मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली, पण त्या सकाळीइतकं माझं कान देऊन ऐकणं पुन्हा झालं नाही.

खोतांना कळायला किती वेळ लागणार? ते स्वतःच आले, अंगावर उपरणं टाकून, गड्याला मागे घेऊन. बाव त्यांच्या आजोबांनी बांधलेली होती, जमीन त्यांची होती, आम्हीसुद्धा त्यांच्याच होतो अशी त्यांची समजूत होती.

“काशे, कुणाला विचारून हात लावलास? आणि देव जागचे हलवलेस? आसरांचा कोप झाला तर वाडी उजाड होईल.”

काकीने पहार टेकवली आणि वर बघितलं. “खोतानू, आसरा बारा म्हयने पान्यात पाय सोडून बसल्या व्हत्या. त्येंच्याबी पायाला नारू झाला असंल. वर आनल्याव त्येंना. आता सुक्या पायानी बसूदेत.”

कुणीतरी फसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. त्या हसण्याने काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. पण खोतांना भ्यायचं असतं हे त्या बायका एवढ्या वेळेपुरतं विसरल्या. खोतांचा चेहरा लाल झाला. त्यांनी बजावलं की लावणीच्या आधी एकेकीच्या जमिनी काढून घेईन.

आईने चिरा खाली ठेवला. शांतपणे म्हणाली, “घ्या काडून. मग लावनी कोन करनार, तुमच्या घरातल्या वयनीसाहेब? मागल्या पावसात तुमच्या शेतात आमचं किती पाय उतरलं ता आठवा. अर्दं पाय पडवीत व्हतं. ह्ये पाय तुमच्याच शेतासाटी वाचवतांव आमी.”

खोतांनी सगळ्यांकडे पाहिलं. एकीच्या हातात कुदळ, एकीच्या हातात कोयती, कुणाच्या डोक्यावर चिरा. ते पोलीस पाटलाला पाठवतो म्हणून निघून गेले. पाटील आला खरा. करंजाखाली उभा राहिला, घाम पुसला, इकडेतिकडे बघितलं आणि प्यायला पाणी मागितलं. आईने त्याला फडक्याने गाळून पाणी दिलं. त्याच्या स्वतःच्या बायकोच्या पायातला किडा त्या वेळी काडीला गुंडाळलेला होता. तो पाणी प्याला आणि निघून गेला.

पायऱ्यांचे चिरे वर आणून बायकांनी त्याच वाटेच्या तोंडावर भिंत घातली. वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांनी जयगडच्या खाडीवरून शिंपल्यांचा चुना आणला. पलीकडच्या अंगाला, जिथे कातळ सरळ खाली तुटलेला होता, तिथे आडवा ओंडका टाकला आणि त्यावरून काकीने वळलेला दोर सोडला. पोहरा पहिल्यांदा वर आला तेव्हा बायकांचे तळहात सोलवटले. हंडा बुडवून घेण्याच्या जागी आता ओढायचं होतं. कुरकूर भरपूर झाली. माझा किडा आईने काडीला गुंडाळत गुंडाळत, सबुरीने, अख्खा बाहेर काढला.

खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात झाली. भिंत होऊनही काही जणांना फोड आलेच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षभराने बाहेर येतो म्हणून. भिंत व्हायच्या आधी जे प्याले होते त्यांचे ते किडे. पण पाय जळायला लागला की हिशेब कोण ऐकतो? आसरांचा कोप झाला, भिंत पाडा, पायरी मोकळी करा, असं घरोघर सुरू झालं. खोतांच्या गड्याने तर पहारी द्यायची तयारी दाखवली. त्या वैशाखात काकीने सुंभ वळायचं काम पडवीतून उचलून थेट भिंतीपाशी नेलं. भिंतीला पाठ लावून ती दिवसभर बसायची. कुणी विव्हळत आलं की त्याला शेजारी बसवायचं, त्याचा पाय घमेल्यात घ्यायचा, चोळायचा, त्याच्याबरोबर रडायचं, आणि मग ते घमेलं उचलून लंगडत लंगडत लांब कातळावर जाऊन ओतायचं. शिव्याही खायची. पण तिने एकाही माणसाला भिंतीला हात लावू दिला नाही. आईला खोतांशी भांडता यायचं; शेजारणीच्या जळत्या पायाशी भांडणं जास्त अवघड होतं, आणि ते काकीने केलं.

त्याच्या पुढचा उन्हाळा आला. वैशाख संपला, मृग लागला. वाडीत एकालाही फोड आला नाही. लोक एकमेकांच्या पायांकडे बघत आणि काही बोलत नसत, बोललं तर दृष्ट लागेल म्हणून. लावणीला सगळेच्या सगळे चिखलात उतरले. काकीसुद्धा बांधावर बसून आव्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या बांधत होती आणि कुणाची ओळ वाकडी गेली ते ओरडून सांगत होती.

पावसाळा सरल्यावर खोत गवंडी घेऊन आले. बावीला उंच कठडा घातला, लोखंडी रहाट बसवला आणि आमच्या भिंतीत एक घडीव दगड बसवला. नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. काकीला वाचता येत नव्हतं. तिने मला विचारलं, दगडावर काय लिहिलंय. बाबांची पत्रं वाचायला घरात कुणीतरी हवं म्हणून मी देवळातल्या शाळेत जात होते. मी वाचून दाखवलं. ही विहीर अमुक खोत यांनी लोकांच्या आरोग्याकरिता बांधून दिली, असं होतं. काकी पोहऱ्यातलं पाणी हंड्यात ओतत होती, तिने मान वर केली नाही. “ऱ्हवंदे गो,” म्हणाली. “नाव त्येंचा, पानी आपला.”

काकीला ते चाललं. त्या दगडाखालून ती मरेपर्यंत पाणी भरत राहिली. मला ते तेव्हा चाललं नाही आणि आजही चालत नाही. मागच्या खेपेला गावी गेले होते तर दगड जागच्या जागी, अक्षरंही शाबूत. शाळेतल्या पोरांना मास्तर तो वाचून दाखवतात म्हणे. वाचूदेत. मी इथे लिहिते आहे, ज्याला खोटं ठरवायचं असेल त्याने माझ्या दारात येऊन ठरवावं. त्या बावीच्या पायऱ्या आमच्या काशीकाकीने फोडल्या, एका गुडघ्यावर, आणि तिने कुणाला विचारलं नव्हतं.